मुलाला संघ बदलू द्यावा का? ग्रँड फायनलनंतर पडलेला प्रश्न

रंकाळा (चेल्टनहॅम, मेलबर्न)

सर्वांना नमस्कार. सप्टेंबरचा शेवटचा शनिवार होऊन दहा दिवस उलटले, पण आमच्या घरात ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगची यंदाची (२०२५) ग्रँड फायनल, म्हणजे अंतिम सामना, अजून संपलेली नाही. ब्रिस्बेन लायन्सने जिलाँगला ४७ गुणांनी हरवून सलग दुसऱ्या वर्षी विजेतेपद मिळवले आणि त्याच रात्री जेवताना माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने जाहीर केले की पुढच्या हंगामापासून तो सेंट किल्डाचा नव्हे, तर ब्रिस्बेनचा पाठीराखा असेल. मी त्या वेळी काहीच बोललो नाही, कारण काय बोलावे हे मला खरोखर सुचले नाही.

ज्यांनी ऑस्ट्रेलियन फुटबॉल पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. क्रिकेटच्या लंबगोल मैदानावर अठरा-अठरा खेळाडूंचे दोन संघ लंबगोल चेंडूने खेळतात. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथाडला तर गोल, म्हणजे सहा गुण, आणि बाजूच्या खांबांमधून गेला तर बिहाइंड, म्हणजे एक गुण. हा एक गुण इथे किती मोठा असतो, ते सेंट किल्डाच्या माणसालाच विचारावे. १८९७ साली लीग सुरू झाली तेव्हापासून हा क्लब तिच्यात आहे, सत्तावीस वेळा तो शेवटच्या क्रमांकावर राहिला आहे आणि एवढ्या वर्षांत त्याच्या नावावर एकच विजेतेपद आहे, १९६६ सालचे, तेही कॉलिंगवूडवर एका गुणाने मिळवलेले.

आम्ही या क्लबचे झालो ते शेजाऱ्यांमुळे. शेजारचे गृहस्थ आता सत्तरीच्या उत्तरार्धात आहेत. आम्ही इथे राहायला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी माझ्या मुलाला स्वतःचा जुना मफलर दिला. लाल, पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्यांचा, हाताने विणलेला. एका टोकाला पांढऱ्याच्या जागी पिवळसर लोकरीने रफू केलेले आहे आणि मानेजवळचे पट्टे वापरून वापरून इतके विरळ झाले आहेत की उजेडासमोर धरले तर पलीकडचे दिसते. दर वर्षी ग्रँड फायनलच्या दिवशी, कोणतेही दोन संघ खेळत असले तरी, आम्हाला त्यांच्याकडे दुपारच्या जेवणाचे आमंत्रण असते. यंदा ती नवरात्रातली दुपार होती, माझ्या पत्नीचे उपवास होते, तर त्यांनी आठवणीने बटाटे वेगळे उकडून ठेवले होते.

मी मूळचा कोल्हापूरचा आहे. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ खेळतात तेव्हा तुझा संघ कोणता, असे कोणी विचारत नाही. तू कोणत्या पेठेतला, एवढे विचारले की पुढचे कळते. मेलबर्नमध्ये आल्यावर मला हा खेळ परका वाटला नाही तो याच कारणाने. कॉलिंगवूड, कार्लटन, रिचमंड, सेंट किल्डा ही सगळी मुळात वस्त्यांची नावे आहेत आणि जुनी माणसे क्लबविषयी बोलतात ती आपल्या गल्लीविषयी बोलावे तशी. पण माझा मुलगा कोणत्याही पेठेत जन्मला नाही. शाळेत त्याचे मित्र जिंकणाऱ्या संघांचे आहेत, आणि सेंट किल्डा तर यंदाही पहिल्या आठांत आला नाही. त्याला केवळ माझ्या भावनेखातर आशा करायला लावणे योग्य आहे का? आणि बदलू दिले, तर शेजाऱ्यांना काय सांगायचे? इथे अनेक वर्षे राहिलेल्या आणि या खेळात मन गुंतलेल्या सभासदांनी आपला अनुभव लिहावा, ही विनंती.

लाल-पांढरा-काळा (मूरॅबिन)

रंकाळा, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो, कारण गेली पंधरा वर्षे हाच प्रश्न मी स्वतःला विचारत आलो आहे.

२५ सप्टेंबर २०१० रोजी मी एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर होतो. आदल्या वर्षी आमचा संघ सुरुवातीचे सलग एकोणीस सामने जिंकून शेवटी जिलाँगकडून बारा गुणांनी हरला होता, त्यामुळे या वेळी तरी, अशी भावना आमच्या बाजूच्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होती. समोर कॉलिंगवूड होते. शेवटची दीड-दोन मिनिटे उरली असताना आम्ही एका गुणाने मागे होतो. लेनी हेजने लांबून चेंडू पुढे लाथाडला, तो स्टीफन मिल्नच्या पुढ्यात टप्पा पडून उसळला, आणि लंबगोल चेंडूचा टप्पा कुठे जाईल हे कोणालाच सांगता येत नाही, तसा तो त्याच्या हातांना न लागता बाजूला वळला आणि बिहाइंडच्या खांबांमधून निघून गेला. एक गुण मिळाला, ६८-६८ अशी बरोबरी झाली आणि थोड्याच वेळात शेवटचा भोंगा वाजला.

त्या भोंग्यानंतरची शांतता मी पुन्हा कधीही अनुभवलेली नाही. सुमारे एक लाख माणसे होती आणि कोणी गात नव्हते, कोणी रडतही नव्हते. माझ्या शेजारी कॉलिंगवूडची एक बाई बसली होती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि तिने आपल्या डब्यातले सँडविच अर्धे मोडून मला दिले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे पुढच्या शनिवारी सामना पुन्हा खेळवला गेला आणि आम्ही ५६ गुणांनी हरलो. पुढे २०१६ पासून नियम बदलला. आता बरोबरी झाली तर त्याच दिवशी जादा वेळ देऊन निकाल लावतात. मला जुना नियम अधिक पटतो असे नाही, पण त्या मधल्या आठवड्यात, निकाल लागलेला नसताना, आमच्या घरात जेवढी आशा होती तेवढी त्यानंतर कधी आली नाही, हेही खरे आहे.

तुमच्या मुलाबद्दल माझे मत असे की त्याला बदलायला मनाई करू नये, मात्र ग्रँड फायनल नंतरच्या पंधरवड्यात हा निर्णय होऊ देऊ नये. या पंधरवड्यात सगळे शहर विजेत्याच्या रंगात असते. मोठ्या माणसांचेही मन ढळते. मार्चमध्ये नवा हंगाम सुरू होतो तेव्हा सर्व संघ शून्यावर असतात. तेव्हा त्याला विचारा. आणि त्याआधी यंदाच्या जुलैमधला मेलबर्नविरुद्धचा सामना त्याला पुन्हा दाखवा. शेवटचा क्वार्टर, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी चौथा, सुरू होताना आपण ४६ गुणांनी मागे होतो, अर्धे लोक घरी निघाले होते, आणि भोंगा वाजल्यावर नसाया वॅन्गानीन-मिलेराने मारलेल्या गोलाने आपण जिंकलो. शेवटच्या क्वार्टरमध्ये एवढी पिछाडी भरून काढून जिंकणे लीगच्या इतिहासात त्याआधी कोणाला जमले नव्हते. त्या दिवशी घरी निघालेल्या लोकांत मीही होतो. मी गाडीतल्या रेडिओवर ते ऐकले, आणि सामना अर्ध्यात सोडून उठल्याचे दुःख मला पराभवाच्या दुःखाहून जास्त झाले.

जास्वंदी (वेरिबी)

मी पश्चिम मेलबर्नमध्ये वृद्धाश्रमात परिचारिका म्हणून काम करते. फुटबॉलचे नियम मला आजही पूर्ण कळत नाहीत, तरी या विषयावर लिहावेसे वाटते, कारण साठहून अधिक वर्षे टिकलेली आशा मी डोळ्यांनी पाहिली आहे.

वेस्टर्न बुलडॉग्ज म्हणजे पूर्वीचा फुट्सक्रे, आमच्या बाजूच्या कामगार वस्त्यांचा क्लब. १९५४ मध्ये त्यांनी पहिले विजेतेपद मिळवले आणि त्यानंतर बासष्ट वर्षे दुसरे मिळाले नाही. १९८९ मध्ये तर हा क्लब बंद करून फिट्झरॉयमध्ये मिसळून टाकण्याचे जाहीरही झाले होते. तेव्हा लोकांनी दारोदार फिरून पैसे जमवले, एका समर्थक महिलेने न्यायालयात धाव घेतली, आणि क्लब वाचला. हे सर्व मला सांगितले ते आमच्याकडच्या एका आजोबांनी. १९५४ चा सामना त्यांनी चौदाव्या वर्षी पाहिला होता. त्यांच्या उशाशी त्या दिवसाचा एक छापील कार्यक्रम होता, त्याच्या घड्या इतक्या जीर्ण झाल्या होत्या की तो उघडायचा असेल तर ते मला बोलावत आणि मी चार बोटांनी खालून आधार देत असे.

२०१६ मध्ये बुलडॉग्ज सातव्या क्रमांकावरून बाद फेरीत गेले. सातव्या जागेवरून कोणी विजेता झालेला नव्हता. तरी पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला, इथे हॉथॉर्नला, मग सिडनीत जायंट्सला केवळ सहा गुणांनी हरवून ते ग्रँड फायनलला पोहोचले. १ ऑक्टोबरला सामना होता आणि त्याच दिवशी घटस्थापना होती. सकाळी घरी घट बसवून, माळ घालून मी दुपारच्या पाळीला गेले. आजोबांनी तीन क्वार्टर पाहिले आणि चौथा सुरू होताना मला म्हणाले की टीव्हीचे तोंड भिंतीकडे कर, मला बघवणार नाही, आघाडी एका गोलाहून थोडीच जास्त आहे. मग मी बाहेरच्या दालनातल्या टीव्हीसमोर उभी राहायचे आणि दर दोन मिनिटांनी त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन आकडे सांगायचे. टॉम बॉइडने खूप लांबून मारलेला चेंडू टप्पे घेत घेत गोलमध्ये गेला, तेव्हा सगळ्या इमारतीतून एकच आवाज उठला आणि मला दारापर्यंत जावेच लागले नाही. बावीस गुणांनी ते जिंकले.

जखमी असल्यामुळे त्यांचा कर्णधार बॉब मर्फी त्या दिवशी खेळू शकला नव्हता. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी त्याला व्यासपीठावर बोलावून स्वतःचे पदक त्याच्या गळ्यात घातले. तोपर्यंत आजोबांनी टीव्ही पुन्हा वळवायला सांगितला होता. ते पाहताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "माझ्या बायकोला हे दाखवायला हवे होते." पुढच्या वर्षी ते गेले.

रंकाळा, मुलाने कोणता संघ निवडावा हे मी सांगू शकत नाही. पण शेजाऱ्यांना काय सांगायचे, असे तुम्ही विचारले आहे, त्यावर एवढेच सुचवते की ते तुम्ही सांगू नका. मुलालाच सांगू द्या. ज्याने मफलर घेतला, त्यानेच जाऊन बोलावे. आजी-आजोबांच्या वयाची माणसे मुलांचे ऐकून घेतात.

हार्बरकाठ (सिडनी)

वरची दोन्ही उत्तरे मनापासून आवडली, तरी मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. निष्ठेचे गुणगान करताना मुलाच्या निवडीला आपण कमी लेखू नये.

मी ज्या सिडनी स्वान्सचा समर्थक आहे तो क्लब १९८२ पर्यंत साउथ मेलबर्न होता. पैशांच्या अडचणीमुळे तो उचलून जवळपास नऊशे किलोमीटर दूर नेला गेला. त्यांच्या समर्थकांनी काय करावे? काहींनी नव्या नावाच्या त्याच क्लबवर प्रेम चालू ठेवले, काहींनी खेळच सोडला, काही दुसरीकडे गेले. यांतल्या कोणालाही खोटा समर्थक म्हणण्याचा अधिकार मला वाटत नाही. २००५ मध्ये स्वान्सने वेस्ट कोस्टला चार गुणांनी हरवले, शेवटच्या क्षणी लिओ बॅरीने गर्दीतून उडी मारून चेंडू झेलला, आणि १९३३ नंतर प्रथमच विजेतेपद आले. त्या दिवशी साउथ मेलबर्नचे जुने पांढरे-लाल मफलर घातलेली म्हातारी माणसे टीव्हीवर दिसत होती. मी तेव्हा या देशात नवा होतो आणि ती माणसे पाहूनच मी या संघाचा झालो. म्हणजे मीदेखील जिंकलेलाच संघ निवडला होता, हे लक्षात घ्यावे.

त्यानंतर काय झाले तेही सांगतो. २०१२ मध्ये आम्ही जिंकलो आणि तेव्हापासून चार ग्रँड फायनल हरलो: २०१४, २०१६, २०२२ आणि २०२४. त्यांतल्या तीन तर साठ किंवा त्याहून अधिक गुणांनी. जास्वंदीताईंच्या आजोबांना ज्या दिवशी आनंद झाला त्या दिवशी मी पराभूत बाजूला होतो, आणि तरीही त्यांची हकिकत वाचून मला बरे वाटले. अंतिम फेरीत पोहोचून हरणे हे तिथवर कधीच न पोहोचण्याहून सोपे असते, असे बाहेरच्यांना वाटते. माझा अनुभव तसा नाही. शुक्रवारी रात्री मेलबर्नला गाडीने जाताना जी आशा सोबत असते, तीच रविवारी परतीच्या वाटेवर होल्ब्रुकच्या आसपास जड होते, आणि गाडीत कोणी बोलत नाही. विजेता संघ निवडला म्हणून मुलगा या सगळ्यातून सुटेल, असे तुम्हाला वाटत असेल तर तसे होणार नाही. उशिरा का होईना, प्रत्येक क्लब आपल्या माणसांना हे दाखवतोच. त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे: त्याला जाऊ द्या.

मोरेटन (ब्रिस्बेन)

ज्या संघाकडे आपला मुलगा निघाला आहे, त्या संघाचा मी आहे, म्हणून लिहितो.

हा संघ फक्त जिंकतो, अशी त्याची समजूत असेल तर ती दूर करावी. १९९६ च्या हंगामाअखेर मेलबर्नचा फिट्झरॉय हा जुना क्लब संपला आणि ब्रिस्बेन बेअर्समध्ये मिसळला. आमच्या जर्सीवरचा सिंह फिट्झरॉयकडून आलेला आहे. २००१, २००२ आणि २००३ अशी सलग तीन विजेतेपदे मिळाली आणि पुढे मोठा उन्हाळा लागला. २०१७ मध्ये आम्ही शेवटच्या क्रमांकावर होतो. त्या वर्षी आमच्या गॅबा मैदानावर थोडे प्रेक्षक असायचे आणि आम्हाला हव्या त्या रांगेत बसता यायचे. ख्रिस फेगन यांचे प्रशिक्षक म्हणून ते पहिलेच वर्ष होते. स्वतः लीगमध्ये एकही सामना न खेळलेल्या या माणसाने शेवटच्या जागेवरून संघ वर आणला, २०२३ ची ग्रँड फायनल कॉलिंगवूडकडून चार गुणांनी गमावली, आणि पुढच्याच वर्षी ती जिंकली.

आपल्या मुलाला आमच्याकडे यायचे असेल तर त्याचे मनापासून स्वागत आहे. मात्र त्याने ही सगळी वर्षे आपली मानून यावे, केवळ २०२४ आणि २०२५ घेऊन येऊ नये. एरवी पुढच्या खेपेस आम्ही तळाला गेलो की तो तिसरा संघ शोधेल.

रंकाळा (चेल्टनहॅम, मेलबर्न)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जास्वंदीताई, आपले म्हणणे मानले. काल रविवारी मुलगा एकटा शेजारी गेला. मफलर त्याने घडी करून हातात घेतला होता, म्हणजे तो परत करायला निघाला होता हे मला कळले. मी कुंपणाच्या अलीकडे झाडांना पाणी घालत होतो, त्यामुळे बोलणे कानांवर पडले.

गृहस्थांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "ब्रिस्बेनच का?" मुलगा म्हणाला, "ते जिंकतात." त्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितले की १९६० मध्ये ते स्वतः बारा वर्षांचे होते आणि त्या वर्षी मेलबर्न क्लबने सहा वर्षांत पाचव्यांदा विजेतेपद मिळवले होते. शाळेतली सगळी मुले लाल-निळे मफलर घालून यायची. त्यांनीही घरी जाऊन आईला सांगितले की मला मेलबर्नचा व्हायचे आहे, निळा मफलर विणून दे. आई म्हणाली, लाल, पांढरी आणि काळी लोकर आणून झाली आहे, निळ्यासाठी आता पैसे नाहीत. पुढच्या वर्षी बघू. त्या लोकरीचा जो मफलर झाला तो हाच, जो त्या क्षणी माझ्या मुलाच्या हातात होता.

मुलाने विचारले की मग पुढच्या वर्षी निळा मिळाला का. ते म्हणाले, पुढच्या वर्षी मी मागायचे विसरलो. सहा वर्षांनी, १९६६ मध्ये, ते वडिलांबरोबर एमसीजीवर होते. गुण ७३-७३ असे बरोबरीत असताना बॅरी ब्रीनने मारलेला चेंडू लडखडत बिहाइंडला गेला, तो त्यांनी पाहिला. त्यांनी मुलाला मफलर परत घेऊ दिला नाही. म्हणाले, हा तुला दिलेला आहे, सेंट किल्डाच्या पाठीराख्याला दिलेला नाही. ब्रिस्बेनचा झालास तरी थंडी वाजेलच.

घरी आल्यावर मुलाने मला एवढेच विचारले की जुलैमधला तो मेलबर्नविरुद्धचा सामना पुन्हा कुठे पाहायला मिळेल. काल रात्री शेवटचा क्वार्टर आम्ही दोघांनी मिळून पाहिला. निर्णय मार्चमध्ये घ्यायचा, असे ठरले आहे.